संगणकाच्या यादींतील तारीख, वेळ व आंकडे

‘०५/११/२०२४ ही तारीख कोणती?’ असें आमच्या वर्गांत विचारिलें, तर पांच नोव्हेंबर असें उत्तर सर्व मुलें एका स्वरांत देतील. हाच प्रश्न अमेरिकेंतील शाळेंत विचारिला, तर तेथील मुलें तितक्याच खात्रीनें अकरा मे असें सांगतील. दोन्ही उत्तरें आपापल्या देशाच्या रीतीप्रमाणें बरोबर आहेत, व घोटाळ्याचें मूळहि तेंच आहे. २५/१२/२०२४ असें लिहिलेलें असतां कोणाची फसगत होत नाहीं, कारण पंचविसावा महिना कोठेंच नसतो. परंतु महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकीं एखादा दिवस असला, कीं संशयास जागा होते. बारा महिन्यांचे प्रत्येकीं बारा दिवस मिळून १४४ तारखा झाल्या. त्यांतून ०५/०५ सारख्या, उलट वाचल्या तरी न बदलणाऱ्या १२ वजा केल्या, म्हणजे वर्षांतील १३२ दिवस असे उरतात कीं, त्यांची तारीख दोन तऱ्हांनीं वाचतां येते. ज्यांचीं मुलें पुढें परदेशीं शिकावयास जाणार आहेत, अशा पालकांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा. दाखल्यावरील व अर्जावरील जन्मतारखांत सहा महिन्यांचें अंतर पडलें, तर तो केवळ लिहिण्याच्या रीतीचा फरक आहे, हें दूरच्या कचेरीस पटवून देणें सोपें नसतें.

संगणकावर हा घोटाळा नित्य डोकावतो. एखादा फोल्डर उघडला म्हणजे आंतील फायलींची यादी पुढें येते, व तींत नांव, शेवटच्या फेरफाराची तारीख व वेळ, आणि आकार असे रकाने असतात. हे रकाने कसे भरावे याचा विचार संगणक स्वतः करीत नाहीं. यंत्र प्रथम चालू करितांना जो देश निवडला असेल, त्या देशाची रीत तो पाळतो. निवडतांना ‘युनायटेड स्टेट्स’ हें नांव तसेंच राहूं दिलें, कीं पुण्यांतल्या घरांतहि महिना आधीं व दिवस मागून दिसूं लागतो, आणि घरांतील कोणाच्या तें लक्षांतहि येत नाहीं.

यंत्राच्या अंतरंगांत मात्र दिवस, महिना, वर्ष असें कांहीं लिहिलेलें बहुधा नसतें. तेथें असते ती केवळ एक मोठी संख्या. युनिक्स व तिच्या वंशांतील लिनक्स इत्यादि प्रणाल्या १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, ग्रीनिचच्या वेळेनें, किती सेकंद लोटले हें मोजतात. विंडोजची आजची मांडणी १ जानेवारी १६०१ पासून मोजते, व तेंहि सेकंदाच्या एक कोटीव्या भागानें! १६०१ हेंच साल कां, असें जिज्ञासु विद्यार्थी विचारील. पोप तेरावा ग्रेगरी यानें १५८२ सालीं जुन्या कालगणनेंतील चूक काढून टाकिली. त्या वर्षीं रोम येथें ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर उजाडला. (प्रॉटेस्टंट इंग्लंडनें ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारिली नाहीं. गणित खरें असूनहि तें कोणीं सांगितलें यावरून नाकारलें जातें, त्याचा हा एक मासला.) या कालगणनेंत लीप वर्षांचें चक्र ४०० वर्षांनीं पूर्ण होतें, व १६०१ हें अशा एका चक्राचें पहिलें वर्ष होय.

या संख्येवरून तारीख घडविणें म्हणजे तिला अंगरखा चढविणें होय. अंगरखा बदलल्यानें माणूस बदलत नाहीं. तशी तारखेची रीत बदलल्यानें फाईल बिघडत नाहीं. म्हणून ही निवड बदलण्यास कोणीं भिऊं नये.

मग कोणती रीत पतकरावी? १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाणन संघटनेनें ८६०१ या क्रमांकाचें प्रमाण प्रसिद्ध केलें. त्याप्रमाणें आधीं चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना व शेवटीं दोन अंकी दिवस लिहावयाचा: २०२४-११-०५. प्रथम हें डोळ्यांस खटकतें. परंतु रुपये आधीं व पैसे मागून, तास आधीं व मिनिटें मागून, असें मोठ्याकडून लहानाकडे आपण नेहमींच जातों. तारीखच तेवढी उलट चालते. यादीसाठीं तर ही रीत सर्वांत सोयीची आहे. संगणक नांवें लावितो तीं शब्दकोशाप्रमाणें, पहिल्या अक्षरापासून एकेक अक्षर ताडून. एखाद्या मुलानें तीन निबंधांस ०५-०१-२०२२, १४-०६-२०२३ व ०२-०८-२०२४ अशीं नांवें दिलीं, तर यादींत २०२४ चा निबंध पहिला, २०२२ चा दुसरा व २०२३ चा तिसरा येईल. म्हणजे क्रम लागूनहि क्रम नाहीं. वर्ष आधीं लिहिलें असतें तर अक्षरांचा क्रम व काळाचा क्रम एकच झाला असता. एक अंकी महिन्यामागें शून्य देण्याचें कारणहि हेंच. २०२४-८ व २०२४-१० यांत कोशकार आठ व एक यांची तुलना करितो, व ऑक्टोबरास ऑगस्टच्या आधीं बसवितो. कांहीं प्रणाल्या अंकांचा समूह ओळखून हा दोष सुधारून घेतात. परंतु फाईल कोणाच्या यंत्रावर जाईल याचा नेम नाहीं. तिरपी रेघ फायलीच्या नांवांत विंडोज चालूं देत नाहीं, व युनिक्सांत ती फोल्डरांची सीमा असते. यास्तव आडवी रेघच वापरावी.

यादींत तारखेचा रकाना असतां ती नांवांत पुन्हां कां लिहावी? कारण रकान्यांतील तारीख शेवटच्या फेरफाराची असते, कागदाची नव्हे. परीक्षेचा निकाल फोनवरून कोणीं पाठविला, तर उतरवून घेतलेल्या फायलीवर बहुधा उतरवून घेतल्याचाच दिवस लागतो. शिवाय पेन ड्राइव्हांत अद्याप आढळणारी फॅट ही जुनी मांडणी स्थानिक घड्याळाची वेळ, दोन-दोन सेकंदांच्या अंतरानें, लिहून ठेविते, व ती कोणत्या देशाची याची नोंदच ठेवीत नाहीं.

वेळेविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. रेल्वेचें वेळापत्रक जो वाचूं शकतो, त्यास चोवीस तासांची रीत शिकवावी लागत नाहीं. दुपारचे बारा व मध्यरात्रीचे बारा यांचा गोंधळ तींत होत नाहीं, एवढेंच पुरे. लिनक्सच्या जुन्या यादींत मात्र एक चमत्कारिक प्रथा आहे: सहा महिन्यांच्या आंतील फायलीपुढें तास व मिनिटें दाखवावयाचीं, आणि त्याहून जुनीपुढें तीं गाळून वर्ष द्यावयाचें. एकाच रकान्यांत दोन जातींचे आंकडे! जागा वांचते खरी, पण आम्हांस ही काटकसर पसंत नाहीं.

आतां आकाराचा रकाना. आपण १,००,००० लिहितों, इंग्रज व अमेरिकन १००,००० लिहितात, आणि जर्मनींत दशांश दाखविण्यास टिंब नव्हे तर स्वल्पविराम असतो. त्यामुळें १.२३४ ही संख्या बर्लिनमध्यें एक हजार दोनशें चौतीस होते, व आपल्याकडे सव्वाहूनहि थोडी कमी. देश निवडतांना तारखेबरोबर ही रीतहि बदलते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ५०० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क विंडोजच्या यादींत सुमारें ४६५ जीबी दिसते, तेव्हां दुकानदारावर संशय येतो. पण त्याचा अपराध नसतो. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो व विंडोज १०२४ च्या पटीनें. या दुसऱ्या मापास ‘गिबीबाइट’ असें निराळें नांव ठरलेलें आहे; परंतु तें सामान्य व्यवहारांत रुळलें नाहीं.

देवनागरी अंकांविषयीं एक सूचना. ते आम्हांस प्रिय आहेत. परंतु युनिकोडमध्यें त्यांच्या जागा इंग्रजी अंकांहून निराळ्या व पुष्कळ पुढें आहेत. अर्ध्या फायलींस एक अंक व अर्ध्यांस दुसरे दिले, तर केवळ त्या जागांवरून क्रम लावणारें यंत्र यादीचे दोन तुकडे करील. फायलींच्या नांवांत कोणते तरी एकच वापरावे.

विंडोज ११ मध्यें ही सर्व निवड ‘सेटिंग्ज’ खालीं ‘टाइम अँड लँग्वेज’ व त्यांत ‘लँग्वेज अँड रीजन’ येथें सांपडेल. मॅकमध्यें ‘सिस्टिम सेटिंग्ज’, ‘जनरल’ व मग ‘लँग्वेज अँड रीजन’ अशा वाटेनें जावें. निवड बदलल्यावर यादी जुन्याच रीतीनें दिसत राहिली, तर ती खिडकी बंद करून पुन्हां उघडावी.