अनुशेष: रुपयांचा आणि पाण्याचा

गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. वैनगंगेचे पाणी अडवून नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची होती आणि खर्चाचा मूळ अंदाज होता ३७२ कोटींचा. पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि सुधारित मान्यतांमागून मान्यता घेत किंमत अठरा हजार कोटींच्या पुढे गेली. धरणात पाणी साठले, गावे उठली, माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. पोटकालवे आणि वितरिका मात्र मागे पडल्या. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेला मुलगा बाप झाला तरी त्याच्या शेताला ठरलेले पाणी मिळालेले नाही, अशी गावे त्या लाभक्षेत्रात आहेत.

विदर्भ-मराठवाड्याला निधी किती मिळाला हा वाद सत्तर वर्षांचा आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, मराठवाड्याकडे विशेष लक्ष आणि दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल, असे शब्द नेत्यांनी एकमेकांना दिले. करार राजकीय होता; त्याला घटनेचा आधार मिळाला १९५६ साली, अनुच्छेद ३७१(२) मुळे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे आणि निधीचे न्याय्य वाटप यांची जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची सोय त्यात होती. ती मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले.

मधल्या काळातले सर्वांत मोलाचे काम वि. म. दांडेकरांचे. देशातल्या दारिद्र्याचे मोजमाप करणारा हा अर्थशास्त्रज्ञ १९८३ साली सत्यशोधन समितीचा अध्यक्ष झाला. तोवर अन्याय ही भाषणांतली गोष्ट होती. समितीने ती आकड्यांत आणली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे घेऊन प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे काढले आणि ती तूट, म्हणजेच अनुशेष, भरायला लागणारा खर्च मांडला. १९८४ च्या अहवालात एकूण आकडा आला ३,१८६ कोटी रुपये. त्यात विदर्भाचे सुमारे १,२४६ कोटी, मराठवाड्याचे ७५० कोटी. उरलेले जवळजवळ १,१९० कोटी उर्वरित महाराष्ट्राचे होते, आणि ही गोष्ट पुढच्या राजकारणाने सोयीने विसरली. कोकणातली गावे, खानदेश, पश्चिम महाराष्ट्रातले अवर्षणग्रस्त तालुके हेही त्या हिशेबात होते. पुणे विरुद्ध नागपूर अशी मांडणी दांडेकरांनी कधीच केली नव्हती.

मंडळे आल्यावर निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली. आकडा १४ हजार कोटींच्या घरात गेला. त्यात भाववाढ होतीच; पण दहा वर्षांत तूट भरली गेली नाही, हेही त्यातून उघड झाले. २००१ पासून राज्यपालांचे निर्देश येऊ लागले आणि निधीवाटपाचे सूत्र सरकारवर बंधनकारक झाले. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचे खरे यश एवढेच, पण ते लहान नाही: सिंचनाचा पैसा कुणाच्या मर्जीने वळवायला पहिल्यांदा लेखी अडसर उभा राहिला.

दोष मोजण्याच्या रीतीत राहिला. अनुशेष १९९४ च्या आकड्यावर गोठवला गेला. पुढारलेले जिल्हे पुढे जात राहिले, राज्याची सरासरी चढत राहिली आणि मागासलेल्या जिल्ह्याने मात्र जुनी रेघ गाठली की त्याची तूट संपली असे धरले गेले. शिवाय मोजले गेले ते रुपये. तरतूद झाली, निधी वितरित झाला, ३१ मार्चच्या आत बिले निघाली की कागदावर अनुशेष उतरे. भूसंपादन अडलेले, अभियंत्यांची पदे रिकामी, वनजमिनीची परवानगी बाकी, म्हणून खर्च न झालेला पैसा वर्षअखेर परत जाई. सिंचनाचा भौतिक अनुशेष अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांत सर्वांत चिवट ठरला. यांतल्या तीन जिल्ह्यांत पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही आणि पिण्यालाही नाही; कालव्याच्या पाण्याला पर्याय नाही. अशा जमिनीवर अनुशेष राहणे आणि इतरत्र राहणे यांत फरक आहे, आणि रुपयांच्या तक्त्यात तो दिसत नाही.

जिल्ह्याची सरासरीही फसवी. अमरावती शहर, तिथले विद्यापीठ आणि रुग्णालये एका बाजूला. त्याच जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा दुसऱ्या बाजूला, जिथली बालमृत्यूंची बातमी दर पावसाळ्यात येते. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हा घटक धरा असे सांगितले ते याचमुळे. पाण्याच्या न्याय्य वाटपावरही तिने भर दिला. हिवाळी अधिवेशनात अहवाल मांडला गेला, दोन्ही बाजूंनी नाराजी व्यक्त झाली आणि तो बाजूला पडला. आदिवासी उपयोजनेत मात्र सुकथनकर समितीने सुचवलेले सूत्र, म्हणजे राज्य योजनेचा लोकसंख्येच्या प्रमाणात सुमारे नऊ टक्के हिस्सा वेगळा काढायचा, १९९३-९४ पासून लागू झाले. त्यातला पैसा वाड्या-पाड्यांवर कितपत पोचतो याबद्दल मला गंभीर शंका आहेत. पण हिस्सा आधी बाजूला काढायचा, ही शिस्त योग्यच होती.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. मंडळे नसली की घटनेने सांगितलेला त्यांचा वार्षिक अहवाल नाही, आणि अहवाल नाही म्हणजे नागपूरच्या अधिवेशनात आमदाराने कोणता कागद हातात धरून जाब विचारायचा? मला याचा राग येतो, कारण माहिती सरकारकडे आहे. कोणत्या लेखाशीर्षाखाली कोणत्या कार्यालयाला किती निधी दिला आणि किती खर्च झाला, हे वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीत नोंदलेले असते. किती हेक्टर प्रत्यक्ष भिजले हे जलसंपदा विभागाला माहीत असते, कारण पाणीपट्टीची आकारणी त्यावरच होते. या दोन नोंदी तालुकावार शेजारी-शेजारी छापून डिसेंबरमध्ये सभागृहाच्या पटलावर ठेवायला मंडळांची वाट पाहावी लागत नाही.