वस्तीवरच्या घरासाठी फोन, इंटरनेट व टीव्ही : निवड कशी करावी?

बियाणे घेताना शेतकरी जमीन, पाणी आणि हंगाम पाहतो. शेजारच्या तालुक्यात चांगला उतारा देणारे वाण आपल्या हलक्या जमिनीत तसेच येईल असे तो धरून चालत नाही. फोन किंवा इंटरनेट घेताना मात्र बहुतेकजण जाहिरात पाहून किंवा शहरातल्या पाहुण्याच्या सांगण्यावरून निर्णय घेतात. गावठाणात उत्तम चालणारा फोन दीड किलोमीटरवरच्या मळ्यात लागत नाही, हा अनुभव अनेकांना आहे. या सेवांचा खरा दर्जा कंपनीच्या नावावर नव्हे, तर आपले घर कोठे आहे यावर ठरतो.

मागे एका शिवारफेरीत एक बागायतदार भेटले. त्यांच्या विहिरीवरील मोटार मोबाईल ऑटोवर चालते. मुलाने स्वस्त पॅक पाहून घरातील सगळी सिमकार्डे एका कंपनीकडे वळवली, त्यात ऑटोमधील सिमही गेले. दुसऱ्या दिवसापासून मोटार फोनवरून सुरू होईना. ऑटो जुना, फक्त टूजीवर चालणारा होता आणि नव्या कंपनीची टूजी सेवाच नव्हती. ऐन एप्रिलमध्ये त्यांना रात्रीच्या पाळीला दहा-बारा दिवस विहिरीवर जावे लागले. ऑटो बिघडला असे समजून दुरुस्तीचा खर्च झाला तो वेगळा.

आधी मोबाईल

मोटारीच्या ऑटोत कोणते सिम चालते, हे त्याच्या माहितीपत्रकात किंवा विक्रेत्याकडे विचारून घ्यावे. टूजीचा ऑटो असेल तर टूजी सेवा चालू असलेल्या कंपनीचेच सिम ठेवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ९० दिवस अजिबात वापर न झालेला क्रमांक कंपनी बंद करू शकते. पावसाळ्यात मोटार तीन-तीन महिने बंद राहते, म्हणून अधूनमधून त्या सिमवर फोन लावावा व रिचार्जची मुदत पाहत राहावी.

घरच्या फोनसाठी कंपनी निवडण्यापूर्वी मातीचा नमुना घ्यावा तशी सिग्नलची तपासणी करावी. शेजारी, पाहुणे, गडी यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असतातच. ते घेऊन घराच्या ओट्यावर, आतल्या खोलीत, गोठ्यात आणि विहिरीवर पाहावे. पत्र्याच्या छपराखाली सिग्नल बराच कमी होतो. नुसत्या दांड्या मोजून चालत नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये सेटिंगमधील सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो, म्हणून उणे ९० हा उणे ११० पेक्षा चांगला. फोरजीवर उणे ९० च्या आसपास आकडा असेल तर काम व्यवस्थित होते. उणे ११० च्या खाली गेल्यास बोलणे तुटते व इंटरनेट रखडते.

ही तपासणी सकाळी एकदा आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान एकदा करावी. रात्री सारा गाव मोबाईल पाहत असतो, तेव्हा सिग्नल पूर्ण असूनही वेग पडतो. भारनियमनाच्या वेळी तर जरूर पाहावे. वीज गेल्यावर मनोरा बॅटरीवर चालतो आणि बॅटरी जुनी असेल तर तासा-दोन तासांत बंद पडतो. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सेवाक्षेत्राचे नकाशे असतात. तेही पाहावेत, पण मध्ये आलेली टेकडी किंवा घराची जाड भिंत नकाशाला नेमकी कळत नाही.

तपासणीत दुसरी कंपनी सरस ठरली तर नवा क्रमांक घेऊ नये, जुनाच क्रमांक नव्या कंपनीकडे न्यावा. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. संदेशात इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, जागा सोडून आपला क्रमांक लिहून तो १९०० ला पाठवावा. उत्तरात येणारा संकेतांक चार दिवस चालतो. तो व ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेड असल्यास बिल भरलेले असावे. राज्यातल्या राज्यात हे काम तीन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवे. बदलाच्या वेळी फोन काही तास बंद राहतो, म्हणून पीक विम्याच्या अर्जाची किंवा कर्जाच्या कागदांची घाई असताना हे काम काढू नये.

जुना क्रमांक का जपावा? बँक खाते, आधार, शेतकरी ओळख क्रमांक या सगळ्यांचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. रिचार्जअभावी बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्या माणसाला दिला जातो आणि मग आपल्या खात्याचे संदेश त्याच्या हातात पडतात.

घरातील वडीलधारी माणसे साधा फोन वापरत असतील तर त्यांच्यासाठी इंटरनेटचे पैसे भरण्याचे कारण नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) आदेशानंतर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी फक्त बोलणे व संदेश यांचे पॅक आणले आहेत. दुकानदार ते आपणहून दाखवतोच असे नाही, मागून घ्यावे.

घरातील इंटरनेट

वस्तीपर्यंत फायबरची तार येत असेल तर पहिला विचार तिचा करावा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम २०११ मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून चालू आहे, तिलाच पुढे ‘भारतनेट’ नाव मिळाले. पण पंचायतीत तार आली म्हणजे मळ्यात आली असे नव्हे. शेवटच्या पेटीपासून आपले घर किती मीटर आहे आणि त्या तारेचे पैसे कोण भरणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा. ऊस पट्ट्यात गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉलीला अडकून खांबावरच्या तारा तुटतात, हे सर्वांनी पाहिले आहे. रस्ता ओलांडणारी तार पुरेशा उंचीवरून न्यायला लावावी. तार तुटल्यावर माणूस किती दिवसांत येतो, हे कंपनीच्या प्रतिनिधीला न विचारता त्याच तारेवरच्या दोन जुन्या ग्राहकांना विचारावे. स्थानिक केबलवाल्याचे इंटरनेट कागदावर कमी वेगाचे असले तरी त्याचा माणूस गावातच राहत असेल, तर मी त्यालाच पसंती देईन.

पूर्वीच्या तांब्याच्या तारेवरील टेलिफोनला एक्स्चेंजमधून वीज मिळे, त्यामुळे घरची वीज गेली तरी तो चाले. फायबरवरच्या फोनचे तसे नाही. घरातील पेटीला वीज नसेल तर इंटरनेटही बंद आणि फोनही बंद. बहुतेक पेट्या १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी बॅटरी असलेला लहान यूपीएस बाजारात मिळतो. घेताना पेटीवर लिहिलेले व्होल्ट व अँपिअर जुळवून घ्यावेत.

तार येत नसेल तेथे सिमवर चालणारा फोरजी राऊटर किंवा ‘एअरफायबर’ हा पर्याय आहे. मोठ्या खासगी कंपन्यांनी २०२३ मध्ये एअरफायबर आणले. यात गच्चीवर बसवलेले यंत्र मनोऱ्याकडून सिग्नल घेते, म्हणून त्याच्या तोंडासमोर आंबा, चिंच किंवा नारळाचे दाट झाड नसावे. उन्हाळ्यात ठीक चालणारी जोडणी पालवी फुटल्यावर किंवा पाने भिजल्यावर मंदावू शकते.

वेगाच्या आकड्यात फसगत फार होते. जाहिरातीतील १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील. मुलांचा अभ्यास, एक-दोन टीव्ही आणि व्हिडिओवरचे बोलणे यासाठी ३० ते ५० एमबीपीएस पुरेसे आहे. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार २ एमबीपीएसलाही ‘ब्रॉडबँड’ म्हणतात, तेव्हा त्या शब्दावर जाऊ नये. ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती उरतो, ते विचारावे.

टीव्ही

बातम्या, मालिका आणि शेतीचे कार्यक्रम एवढीच गरज असेल तर प्रसारभारतीची डीडी फ्री डिश पाहावी. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. सह्याद्री आणि मे २०१५ मध्ये सुरू झालेली डीडी किसान या वाहिन्या तिच्यावर दिसतात. आपल्या भागात या तबकडीचे तोंड आग्नेयेकडे येते, तेव्हा त्या बाजूला झाड नसलेली जागा निवडावी. मुसळधार पावसात चित्र थांबते. तो बिघाड नव्हे, खासगी डीटीएचलाही ते होते.

खासगी डीटीएच किंवा केबल घेतल्यास २०१९ पासून ग्राहकाला एकेक वाहिनी निवडता येते. कंपनीने बांधून दिलेल्या गठ्ठ्यात निम्म्या वाहिन्या आपण कधी लावत नाही. वाहिन्यांच्या किमतीखेरीज जोडणीचे वेगळे शुल्क असते. त्यावरील कमाल मर्यादा जुलै २०२४ मध्ये काढली गेली, म्हणून ते प्रत्येक कंपनीला वेगळे विचारावे.

फोन, इंटरनेट व टीव्ही एकाच तारेवर देणाऱ्या योजना स्वस्त दिसतात आणि शहरात त्या सोयीच्याही आहेत. वस्तीवर मात्र मी तसा सल्ला देत नाही. एक ट्रॉली अडकली की तिन्ही सेवा बंद आणि तक्रार करायलाही फोन नाही. इंटरनेट तारेवर, टीव्ही तबकडीवर आणि एक मोबाईल त्या कंपनीखेरीज दुसऱ्या कंपनीचा, अशी विभागणी ठेवावी.

खर्चाची तुलना महिन्यावर न करता वर्षावर करावी. २८ दिवसांच्या पॅकचे वर्षात १३ रिचार्ज होतात. इंटरनेटच्या दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही, ‘मोफत’ पेटी सेवा सोडताना परत द्यायची की तिचे पैसे कापणार, अनामत किती, हे पावतीवर लिहून घ्यावे.

फोन किंवा इंटरनेटची तक्रार करताना तक्रार क्रमांक मागून घ्यावा, नुसते फोनवर भांडून उपयोग नाही. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते व त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा असा नियम आहे. ग्राहक क्रमांक, पेटीवरचा क्रमांक आणि कंपनीच्या तक्रार केंद्राचा फोन एका कागदावर लिहून तो मीटरच्या फळीजवळ चिकटवून ठेवावा, कारण हे सगळे मोबाईलमध्येच साठवलेले असते आणि नेमका तोच बंद असतो.