कॅप्टन जेकबची पुणें येथील वेधशाळा व परताऱ्याच्या ग्रहाचा पहिला दावा

पुण्याच्या अर्वाचीन इतिहासांत ज्यांचा नामनिर्देश क्वचितच होतो, अशा पुरुषांपैकीं कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हा एक होय. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोंवतींही ग्रह फिरतात ही गोष्ट आज निर्विवाद झाली आहे; अशा बाह्यग्रहांची निश्चित संख्या २०२५ सालीं ६,००० च्या वर गेली. या शोधाचा आरंभ १८५५ सालीं मद्रासेस जेकबनें केला, असें एक विधान अधूनमधून दृष्टीस पडतें. उलटपक्षीं, त्याचा दावा खोटा ठरला म्हणून त्याचें नांवच गाळणारेही आहेत. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष सदोष आहेत. त्याचें विवेचन येथें करावयाचें आहे.

(१) जेकबचा जन्म १८१३ सालीं इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत झाला. कंपनीच्या ॲडिस्कोंब येथील विद्यालयांत शिकून तो १८३१ सालीं मुंबईकडे निघाला व मुंबईच्या इंजिनियर पथकांत राहून त्रिकोणमितीय मोजणीच्या कामावर कांहीं काळ होता. १८४२ सालीं त्यानें पुण्यास आपली खाजगी वेधशाळा उभारली. जोडतारे हा त्याचा मुख्य विषय. पुण्यास घेतलेल्या वेधांवरून त्यानें २४४ जोडताऱ्यांची यादी सिद्ध केली व ती १८४८ सालीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढें आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मद्रासच्या वेधशाळेवर त्याची मुख्य म्हणून नेमणूक झाली. १८५९ सालीं त्यानें तें काम सोडलें. पुढें पुण्याजवळच्या डोंगराळ मुलुखांत वेधशाळा काढण्याचा बेत करून, ९ इंच व्यासाचें भिंग मिळवून, तो १८६२ च्या ८ ऑगस्ट रोजीं मुंबईस उतरला. पण पुण्यास पोंचतांच १६ ऑगस्ट रोजीं वारला. वय अवघें ४८ वर्षांचें होतें.

(२) आतां त्याच्या दाव्याकडे वळूं. भुजंगधारी राशिसमूहांत ७० क्रमांकाचा एक तारा आहे. तो एक नसून दोन तारे परस्परांभोंवतीं फिरत आहेत. विल्यम हर्शलनें १७७९ सालीं तो जोड ओळखला. ही जोडी आपणांपासून सुमारे १७ प्रकाशवर्षें दूर असून तिचें एक आवर्तन सुमारे ८८ वर्षांत पुरें होतें. अशा जोडीचे वेध म्हणजे दोन मापें: एका ताऱ्यापासून दुसरा कोणत्या दिशेस आहे तो कोन, आणि दोहोंमधील अंतर. आपल्या सिद्धान्तग्रंथांची परिभाषा येथें सोयीची आहे. अंशाचा साठावा भाग कला व कलेचा साठावा भाग विकला. या दोन ताऱ्यांमधील अंतर सारें मिळून कांहीं विकलांचें आहे.

अनेक वर्षांचे वेध एकत्र करून कक्षा गणितानें काढली, तों गणित व वेध यांचा मेळ बसेना. आपल्याकडे असा प्रसंग आला म्हणजे ज्योतिषी गणितास बीजसंस्कार देत. जेकबनें निराळी उपपत्ति सुचविली: या जोडीजवळ एखादा न दिसणारा ग्रहरूप पिंड असावा व त्याच्या आकर्षणानें तारा मार्गांतून ढळत असावा. १८५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यानें हें अनुमान अत्यंत संभाव्य म्हणून मांडलें. सिद्ध म्हणून नव्हे. वाचकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.

हें अनुमान त्या काळीं वेडगळ नव्हतें. युरेनसाच्या गतींतील तफावतीवरून गणित करून १८४६ सालीं नेपच्यून सांपडला होता. तत्पूर्वीं १८४४ सालीं बेसेलनें व्याध व प्रश्वा या ताऱ्यांच्या नागमोडी गतीवरून त्यांस अदृश्य जोडीदार असल्याचें सांगितलें होतें. पैकीं व्याधाचा जोडीदार १८६२ सालीं, म्हणजे जेकबच्या मृत्यूच्याच वर्षीं, आल्व्हन ग्रॅहम क्लार्क यास अमेरिकेंत प्रत्यक्ष दिसला. तेव्हां जेकबची युक्ति खरी होती. उणें होतें तें साधन.

(३) तें कसें हें पाहूं. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतीं गुरूइतक्याच अंतरावर फिरत असेल, तर १७ प्रकाशवर्षांवरून त्या ताऱ्याचें ढळणें विकलेच्या सुमारे सहस्रांशाइतकें दिसेल. जेकबच्या काळच्या तारयुक्त मापकांत विकलेच्या दशांशाची चूक सहज राहात असे. शिवाय प्रत्येक वेधकर्त्याची नजर निराळी. एक अंतर नेहमीं किंचित् अधिक मोजी, दुसरा उणें. निरनिराळ्या हातांचे वेध एका माळेंत ओंवले म्हणजे त्यांच्या सांध्यांतूनच खोटी वळणें उत्पन्न होतात. बखरींच्या नकला ज्यांनीं पडताळून पाहिल्या आहेत त्यांस हा प्रकार अपरिचित नाहीं.

पुढें १८९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील सी या ज्योतिषानें याच जोडींत ३६ वर्षांत फिरणारा काळा पिंड असल्याचें ठासून सांगितलें. मोल्टननें १८९९ सालीं गणितानें दाखविलें कीं, अशी त्रयी टिकावयाचीच नाहीं. १९४३ सालीं याच ताऱ्यास पुन्हां एक ग्रह चिकटविण्यांत आला. तोही टिकला नाहीं. बर्नार्डच्या ताऱ्याची कथा अशीच आहे. १९६३ सालीं व्हान डी काम्पनें त्याचा ग्रह जाहीर केला; १९७३ सालीं इतर वेधशाळांच्या छायाचित्रांत त्याचा मागमूस नाहीं असें ठरलें, आणि १९४९ सालीं दुर्बिणीच्या भिंगाची बैठक बदलल्यामुळें ताऱ्यांच्या स्थानांत उडी पडली होती हेंही उघड झालें. ग्रह आकाशांत नव्हता, यंत्रांत होता.

(४) यश शेवटीं दुसऱ्या मार्गांनीं आलें. ग्रहाच्या ओढीनें तारा आपणांकडे येतो व दूर जातो. त्यामुळें त्याच्या वर्णपटांतील रेषा आळीपाळीनें निळ्या व तांबड्या टोकाकडे सरकतात. या रीतीनें १९९५ सालीं मेयर व केलो यांनीं फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स येथून महाश्वांतील ५१ क्रमांकाच्या ताऱ्याचा ग्रह शोधला. त्याचें वर्ष अवघ्या ४.२ दिवसांचें आहे. त्यापूर्वीं १९९२ सालीं वोल्शान व फ्रेल यांस एका स्पंदताऱ्याभोंवतीं ग्रह सांपडले होते. सूर्यासारख्या ताऱ्याचा मात्र हाच पहिला. आपल्या देशांत आबूच्या गुरुशिखरावरील वेधशाळेंतून याच रीतीचा अवलंब करून २०१८ सालीं एका ग्रहाचें वस्तुमान ठरविण्यांत आलें.

दुसरी रीति अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून जातांना प्रकाश किंचित् मंदावतो. गुरूएवढ्या ग्रहानें शेंकडा एक, पृथ्वीएवढ्या ग्रहानें दहा हजारांत एकाहूनही कमी. ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेंत असणें हा योगायोग असल्यामुळें एकेक तारा निवडून भागत नाहीं. समुदायाचीच पाहणी करावी लागते. केपलर दुर्बिणीनें २००९ पासून चार वर्षें हंस व स्वरमंडल यांमधील एकाच प्रदेशावर दृष्टि रोखून सुमारे दीड लक्ष तारे तपासले. २०१८ सालीं ती थांबली, आणि त्याच वर्षीं सोडलेल्या टेस दुर्बिणीनें बहुतेक सारें आकाश पालथें घातलें.

(५) जेकबची मूळ रीति, म्हणजे ताऱ्याचें स्थान मोजून ग्रह ओळखणें, मात्र सर्वांत मागें राहिली. गाया या यानानें २०१४ ते २०२५ या काळांत जवळजवळ दोनशें कोटि ताऱ्यांचीं स्थानें नोंदलीं. तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतींत त्याची चूक विकलेच्या कांहीं लक्षांशांपर्यंत उतरली. त्या नोंदींवरून एका मंद ताऱ्याचें डोलणें ओळखण्यांत आलें, वर्णपटाच्या रीतीनें तें पडताळलें गेलें, आणि २०२५ सालीं गाया-४ बी हा ग्रह जाहीर झाला. त्याचा फेरा सुमारे ५७० दिवसांचा असून वस्तुमान गुरूच्या सुमारे बारा पट आहे. जेकबनें जी वाट दाखविली तिनें मुक्कामीं पोंचण्यास १७० वर्षें लागलीं.

(६) तात्पर्य, जेकबनें बाह्यग्रह शोधला असें लिहिणें असत्य होय. परंतु त्याचें नांव गाळणें हाही अन्यायच. त्यानें वेध दिले, तफावत दाखविली, अनुमान संभाव्य म्हणून सांगितलें, आणि पुढच्यांस तें खोडून काढतां येईल अशा रूपांत मांडलें. ज्या लेखाचें खंडन होऊं शकतें तोच शास्त्राच्या उपयोगाचा. हा नियम आकाशाच्या इतिहासास व मराठ्यांच्या इतिहासास सारखाच लागू आहे. बाह्यग्रह हें वेधानें दाखवून द्यावयाचें प्रमेय आहे, नुसत्या कल्पनेचा विषय नव्हे, हें ज्यांनीं प्रथम मानलें त्यांत त्याची गणना झाली पाहिजे.

म्हणून पुण्याच्या इतिहासांत त्याची नोंद पुढीलप्रमाणें व्हावी अशी आमची सूचना आहे: "१८४२, कॅप्टन जेकब यानें येथें वेधशाळा स्थापिली व २४४ जोडताऱ्यांचे वेध घेतले, याच अभ्यासांतून पुढें १८५५ सालीं त्यानें मद्रासेहून परताऱ्याच्या ग्रहाचा, वेधांवर आधारलेला परंतु चुकीचा ठरलेला, दावा मांडला." एवढें वाक्य पुरें आहे. यांत स्तुति नाहीं, निंदा नाहीं, आणि जें घडलें तें सर्व आहे.