पूररेषेविषयी काही गैरसमज

कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी शिवाजी पुलाच्या दगडी खुणेस भिडले की 'मच्छिंद्री झाली' असे म्हणण्याचा जुना प्रघात आहे, आणि सांगलीस श्रावणातल्या पहाटे दूधवाल्यापासून वकिलापर्यंत जो तो 'आयर्विन पुलाला किती फूट झालं?' हेच विचारीत असतो. नदीचे माप घेण्याची सवय ज्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, त्याच लोकांना पाटबंधारे खात्याच्या नकाशावरील निळ्या आणि तांबड्या पूररेषांचा अर्थ मात्र नीटसा उमगलेला नाही, ही गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे. कारण या अज्ञानाची किंमत शेवटी संसाराच्या चिखल झालेल्या सामानाने मोजावी लागते.

पहिला आणि सर्वांत दृढ गैरसमज शब्दांतूनच उत्पन्न झालेला आहे. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने 1989 च्या परिपत्रकान्वये निळी रेषा सामान्यतः 25 वर्षांच्या, तर तांबडी 100 वर्षांच्या पुरावरून आखावी असे ठरविले, आणि लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की तांबड्या रेषेपर्यंतचा पूर शतकातून एकदा येतो व एकदा येऊन गेला की नातवंडांपर्यंत चिंता नाही. वस्तुतः ही भाषा पंचांगाची नसून संभाव्यतेची आहे: तेवढा पूर येण्याचा संभव दर वर्षी शंभरांत एक असतो, आणि गतवर्षी तो आला म्हणून यंदाचा संभव तिळमात्र कमी होत नाही. तीस वर्षांच्या कर्जाने घर घेणाऱ्याने हिशेब करून पाहावा. त्या मुदतीत तांबड्या रेषेचा पूर एकदा तरी येण्याचा संभव शेकडा 26, आणि निळ्या रेषेचा तब्बल शेकडा 71 भरतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट असता 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर गेले, 'असा पूर पुन्हा जन्मात पाहावयाचा नाही' असे म्हणत लोकांनी भिंती पुन्हा रंगविल्या, आणि अवघ्या दोन वर्षांनी ते 56 फुटांवर चढले.

रेषेच्या बाहेर निर्धास्त, हा दुसरा समज. रेषा म्हणजे तटबंदी नव्हे. मागील नोंदी, पात्राचे ठिकठिकाणी घेतलेले छेद आणि जमिनीचा चढउतार यांवरून पाण्याची उंची गणिताने काढावयाची आणि ती नकाशावर उतरवावयाची, अशी तिची घडण असते. नोंदी तोकड्या असतील किंवा पात्र बदलले असेल, तर रेषाही तेवढीच चुकते, म्हणून ती वेळोवेळी नव्याने आखावी लागते. शिवाय नदी फुगली की नाल्यांचे पाणी मागे तुंबते आणि नदी दिसतही नाही अशा गल्लीत शिरते. पुण्यात 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटल्यावर जे झाले, ते तर अशा कोणत्याही रेषेच्या हिशेबात बसणारे नव्हते.

परंतु सर्वांत घातक गैरसमज भरावाचा आहे. 'जमीन सखल आहे ना, चार ट्रक मुरूम टाकू, म्हणजे प्रश्न मिटला,' असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि सांगणाऱ्यापुरता तो बहुधा मिटतोही. एक एकर जागा दोन मीटर उंच केली की सुमारे 80 लाख लिटर पाणी जिथे विसावले असते ती जागा नाहीशी होते. ते पाणी आटून जात नाही, ते शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर, पलीकडच्या तीरावर किंवा वरच्या अंगाच्या वस्तीत फुगवट्याच्या रूपाने हजर होते. नदीकाठची मळी रिकामी दिसते, पण ती पडीक नसते. पुराचा वेग मोडणे, गाळ पसरणे आणि पाणी धरून सावकाश सोडणे हे तिचे काम चालूच असते. म्हणून भरावास मी मालकीहक्काचा उपभोग म्हणणार नाही. ते शेजाऱ्यावर ढकललेले पाणी आहे.

पूररेषा पडली म्हणजे जमिनीवर जप्तीच आली, हे भयही निराधार आहे. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतच्या निषिद्ध क्षेत्रात शेती, बागा, मोकळी मैदाने यांस आडकाठी नाही. निळ्या व तांबड्या रेषांमधील नियंत्रित क्षेत्रात घरही बांधता येते, मात्र त्याचे जोते तांबड्या रेषेच्या पातळीहून निदान दीड फूट उंच हवे. याउलट, जमीन बिनशेती झाली म्हणजे सरकारने ती कोरडी राहण्याची हमी दिली, असे मानणारेही आहेत. बिनशेतीचा हुकूम जमिनीच्या वापराबद्दल असतो, पाण्याबद्दल नव्हे.

केंद्र सरकारने पूरक्षेत्राच्या विभागणीसाठी नमुना विधेयक राज्यांकडे धाडले ते 1975 साली. कायदा करणारी राज्ये बोटांवर मोजण्याइतकीच निघाली, आणि ही उदासीनता मला अक्षम्य वाटते. असा कायदा होईपर्यंत सामान्य माणसाच्या हाती एवढेच आहे: इसार देण्यापूर्वी सात-बारा जसा तपासता, तसाच गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयात जा, पूररेषेचा नकाशा मागा, त्या ठिकाणी तांबड्या रेषेची पातळी किती ते विचारा आणि आकडा लिहून घ्या. मगच इसाराची पावती करा.