साप पाळायचाच झाला तर…

“इश्श, साप काय पाळायची वस्तू आहे?” असं तुम्ही म्हणाल. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढायचा, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवायचा, त्या दिवशी चिरायचं-तळायचं नाही. आणि एरवी परसात साधी धामण दिसली तरी काठी शोधायची. आपला सापाशी संबंध एवढाच. पण मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या लेकी-सुना आज अमेरिकेत संसार करताहेत! तिथे साप पाळणं राजरोस चालतं. दहा वर्षांचा नातू एक दिवस फोनवर सांगतो, “आजी, मला वाढदिवसाला साप हवाय. छोट्या पेटीत राहतो, काही त्रास नाही!” मग लेक तुम्हांलाच विचारते, “आई, काय करू गं?”

आधी इथलं सांगते. आपल्या देशात असा हट्ट पुरवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरात ठेवायला बंदी आहे, मग तो नाग असो की बिचारं मांडूळ. गुप्तधनाच्या नादाने मांडुळाची चोरटी विक्री करणारे आपल्या महाराष्ट्रात कितीदा तरी पकडले गेले आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशी अजगरांसारख्या जातींचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते. तेव्हा इथल्या मुलांना साप बघायची हौस असेल तर पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा. पुढचं सगळं आहे ते तिकडच्या घरांसाठी. तिकडेही सगळीकडे सारखं नाही. हवाई बेटांवर कुठलाच साप पाळता येत नाही, आणि जॉर्जिया राज्यात तिथले देशी बिनविषारी सापही घरात ठेवायला मनाई आहे. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला विचारायला हवं ते वेगळंच.

आता निवड. दुकानात तीन नावं हमखास पुढे येतात. पहिला बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो, चावायच्या भानगडीत सहसा पडत नाही. पण जेवणाच्या बाबतीत हा रुसक्या जावयासारखा! दोन-दोन महिने अन्नाला तोंड लावत नाही आणि घरातल्या बाईच्या जिवाला घोर लावतो. शिवाय रंगावर भाळू नका. याच्यातली ‘स्पायडर’ नावाची जाळीदार नक्षी दिसते सुरेख, पण तिच्याबरोबर मान डुगडुगण्याचा दोष जन्मतःच येतो.

दुसरा केनियन सँड बोआ, आपल्या मांडुळाचा आफ्रिकेतला भाऊबंद. यातला नर जेमतेम दीड फुटाचा. खरोखर लहान पेटीत सुखाने राहणारा साप हाच. फक्त तो दिवसभर वाळूत गाडून घेतो. पाहुण्यांना दाखवायला जावं तर पेटीत नुसती वाळू!

तिसरा कॉर्न स्नेक, आणि माझं मत याच्या बाजूचं. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा साप, आपल्या धामणीच्या आणि तस्कराच्या गोतातला. विष नाही, स्वभाव गरीब, खाण्याची तक्रार नाही. आणि रूप? नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला काळी किनार, जशी काही काठापदराची साडी. पोटाखाली काळी-पांढरी चौकडी. ती मक्याच्या रंगीत दाण्यांसारखी दिसते म्हणून हे नाव पडलं, असं म्हणतात. काळा रंग मुळीच नसलेले केशरी, फिकट गुलाबी-पांढरे, करडे असे कितीतरी प्रकार पैदास करणाऱ्यांनी तयार केले आहेत.

आता ‘छोट्या पेटी’चं. पिल्लू वीत-दीड वीत लांब असतं, ते छोट्या पेटीत राहतं हे खरं. पण दोन-तीन वर्षांत ते चार-पाच फुटांचं होतं. पूर्वी मोठ्या सापालाही अडीच फुटांची पेटी पुरे म्हणत; आजचे जाणकार चार फूट लांब आणि दोन फूट रुंद सांगतात. तेवढी भिंत घरात मोकळी आहे का, ते आधी मोजून बघायला सांगा. पेटीची एक बाजू तीस अंशांच्या आसपास उबदार आणि दुसरी थंड हवी, म्हणजे तो आपल्या सोयीने सरकतो. ऊब देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप भाजतो. दोन्ही टोकांना लपायला एकेक खोका, पाण्याचं जड भांडं (दूध नको, साप दूध पीत नाही!), खाली अॅस्पेन लाकडाचा भुसा. सीडरचा भुसा मात्र नको, त्याचा वास सापाला बाधतो. आणि झाकणाला कड्या. हा साप फटीतून निसटण्यात पटाईत आहे. सोफ्याखाली सापडला तर तुमच्या लेकीचं काय होईल ते मी सांगायला नको.

सगळ्यांत अवघड गोष्ट दुकानदार शेवटी सांगतो. साप भाजीपाला खात नाही. त्याला उंदीरच लागतात. मारून गोठवलेले उंदीर तिकडे पाकिटातून मिळतात: पिल्लाला अंगावर लव नसलेलं तान्हं उंदीर पाच-सात दिवसांनी एक, मोठ्या सापाला मोठा उंदीर दहा-बारा दिवसांनी. ते फ्रीझरमध्ये ठेवायचे, कोमट पाण्यात विरघळवायचे आणि लांब चिमट्याने द्यायचे. ज्या फ्रीझरमध्ये खोवलेलं ओलं खोबरं आणि मटार आहेत, त्याच फ्रीझरमध्ये? घरात अंडंही न खाणारी सासू असेल तर? ‘शाकाहारी साप बघू’ असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. वेगळा छोटा फ्रीझर घ्यायचा, नाहीतर सापाचा विचार सोडायचा. मुलाने पेटी सजवण्याआधी हे घरात मोकळेपणी बोलून घ्या.

घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा पासष्टीच्या पुढचं माणूस असेल तर सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असं अमेरिकेचं सीडीसी हे आरोग्य खातंच सांगतं. सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही विसळायचं नाही. तुम्ही सहा महिने लेकीकडे राहायला जाणार असाल, तर हे तिला आत्ताच कळवा.

घेताना पेटीतच जन्मलेलं पिल्लू घ्यावं, रानातून धरून आणलेलं नव्हे. डोळे स्वच्छ हवेत, श्वासाला घरघर नको. ते आपल्यासमोर खाताना दाखवा म्हणावं. डोळे निळसर-दुधी दिसले तर घाबरू नका, कात टाकायची वेळ आलेली असते. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नये.

आणि एक हिशेब राहिला. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो. नातू आज दहाचा, अठराव्या वर्षी कॉलेजला दुसऱ्या गावी जाणार, आणि तिथल्या वसतिगृहात सापाला बहुधा जागा नसणार. मग पुढली सात ते बारा वर्षं चिमट्यात उंदीर धरून कोण उभं राहणार? नको झाला म्हणून मोकळा सोडायचा तर तेही करायचं नाही. फ्लोरिडाच्या दलदलीत लोकांकडचे असेच सुटलेले अजगर माजले आहेत आणि तिथले ससे, रॅकून दिसेनासे झाले आहेत. तेव्हा साप कुठला, हे नातवाने ठरवावं, पण घ्यायचा की नाही, हे लेकीने ठरवावं. तिचा होकार असला, तर पेटीचं माप आधी आणि साप नंतर, एवढं तिला फोनवर सांगा.