दिघीचा दक्ष, सुदुंबऱ्याचे जवान

लष्करासाठी 'सर्वत्र' पूल घडवणारी डीआरडीओची आर अँड डीई प्रयोगशाळा आळंदी रस्त्यावर दिघीला आहे. 'दक्ष' हा बॉम्ब निकामी करणारा रोबो तिथलाच. बॅटरीवर चालतो, जिने चढतो, पाचशे मीटरवरून हाकता येतो. डिसेंबर २०११ मध्ये पहिले पाच दक्ष लष्कराच्या हवाली झाले. उत्पादनात टाटा मोटर्सचाही हात होता. काम एकच: बेवारस बॅगेजवळ माणसाआधी आपण जायचे.

त्याच पट्ट्यात, तळेगाव-चाकणच्या मधल्या मुलखात, सुदुंबरे आहे. संताजी जगनाड्यांच्या समाधीचे हे गाव आता एनडीआरएफ या आपत्ती-बचाव दलाच्या पाचव्या बटालियनसाठीही ओळखले जाते. दरड कोसळली की इथून गाड्या निघतात. मग दक्षला सोबत का नेत नाहीत?

रायगडमधली इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगर खाली आला. वर गाडीरस्ता नव्हता. जवान धुक्यापावसात पायवाटेने चढले आणि कुदळ-फावड्यांनी चिखल उपसत राहिले. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते, ५७ जण बेपत्ताच होते. दरडीचा चिखल सगळ्या फटी बुजवून टाकतो. रोबोने शिरायचे तरी कुठे? उत्तराखंडच्या खचलेल्या सिलक्यारा बोगद्यात त्याच वर्षी डीआरडीओचे वीस आणि पन्नास किलोंचे दोन रोबो पोचले, पण वाळूसारख्या भुसभुशीत ढिगाऱ्यावर ते चालतील का, अशी शंका अधिकाऱ्यांनाच होती. आत अडकलेल्या ४१ मजुरांपर्यंतचे शेवटचे काही मीटर अखेर माणसांनी हाताने खणले.

इमारत पडते तेव्हा मात्र गणित बदलते. स्लॅब खांबावर तिरका अडकतो आणि खाली पोकळी उरते. महाडला ऑगस्ट २०२० मध्ये पाच मजली इमारत कोसळली, तेव्हा जवळपास एकोणीस तासांनी चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला. अशा पोकळीत डोकावायला लहान, पट्ट्यांवर सरपटणारा रोबो हवा. न्यूयॉर्कमध्ये २००१ साली जुळे मनोरे कोसळले तेव्हा असे रोबो प्रथम ढिगाऱ्यात उतरले. त्यांना जिवंत कोणी सापडले नाही, पण माणूस किंवा कुत्रा जाऊ शकत नव्हता तिथे ते गेले.

माझ्या मते दक्ष लहान करून हे काम भागणार नाही. काँक्रीटखाली रेडिओ लहरी दगा देतात, म्हणून मागे केबल हवी. पाऊस आणि सिमेंटचा राडा सोसायला हवा. पकडीपेक्षा दिवा, कॅमेरा आणि माइक महत्त्वाचे, कारण त्याने माणूस ओढून काढायचा नाही, फक्त शोधायचा आहे. आणि तो स्वस्त हवा: वरचा स्लॅब हलू लागला, तर केबल कापून आत सोडून देता येईल इतका.