कोणता हात?

पुण्यात बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या फायली कोड करताना, म्हणजे प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावताना, पेशंट दिसत नाही, दिसतात त्या डॉक्टरांच्या नोंदी. आत्ता समोर एका वयस्क बाईंची फाइल आहे. स्ट्रोक होऊन काही महिने झालेत, डावी बाजू अशक्त आहे.

आधी पाहायचं ते स्ट्रोक आताचा की जुना. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून नुकताच झटका आला असेल तर कोड आय ६३, आणि लुळेपणासाठी जोडीला जी ८१. तो काळ सरून मागे लुळेपणा उरला असेल तर आय ६९.३५. मूळ कारण मेंदूतला रक्तस्राव असेल तर आय ६९.१५. नुसतं ‘पूर्वी स्ट्रोक झाला होता’ असं धरून झेड ८६.७३ लावला, तर त्याचा अर्थ मागे काहीच उरलं नाही असा होतो. या बाईंच्या बाबतीत ते धडधडीत खोटं ठरेल. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनच्या ‘कोडिंग क्लिनिक’ने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय की एका बाजूचा अशक्तपणा स्ट्रोकमुळे आहे असं डॉक्टरांनी लिहिलं असेल, तर तो अर्धांगवायूच धरायचा. हा संबंध मात्र डॉक्टरांनीच जोडायला हवा. कितीही उघड दिसला तरी कोडरने तो गृहीत धरायचा नाही.

इथे तो जोडलेला आहे. अडतंय कोडच्या शेवटच्या अंकाशी. गेलेली बाजू प्रमुख हाताची आणि उजवी असेल तर १, प्रमुख डावी २, दुय्यम उजवी ३, दुय्यम डावी ४. बाई उजव्या की डावखुऱ्या, हे कुणीच लिहिलेलं नाही. अशा वेळी नियम सांगतो: उजवी बाजू गेली तर ती प्रमुख माना, डावी गेली तर दुय्यम, दोन्ही हात सारखेच चालत असतील तर गेलेली बाजू प्रमुख. म्हणजे या बाईंना ४.

बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून नियम चुकीचा म्हणता येत नाही. पण डावखुऱ्या बाईचा जेवायचा, सही करायचा, वेणी घालायचा हातच गेला असेल, तर कागदावर तिचं नुकसान निम्मं होतं. तपासताना एवढं विचारायला किती वेळ लागतो?

थेरपिस्टच्या टिपणात ‘चमचा डाव्या हाताने धरायची सवय’ असं आहे. त्यावरून मी परस्पर अंक बदलत नाही, डॉक्टरांना विचारणा पाठवते. ‘डावखुऱ्या आहेत ना?’ असं उत्तर सुचवणारं विचारता येत नाही, म्हणून लिहिते: पेशंटचा प्रमुख हात कोणता, कृपया नोंदवावे.

उत्तर वेळेत आलं आणि बाई डावखुऱ्या निघाल्या, तर ४ चा २ होईल. उत्तरच नाही आलं तर नियमाप्रमाणे ४ लावूनच फाइल पुढे पाठवावी लागेल, आणि ते मला दरवेळी खुपतं.